बोरिंगवरची लाल अक्षरं

आमच्या चिंधूसारखं अक्षर नंदिनीपासून अहिवाऱ्यापर्यंत कोनाचं नाही. त्याची वहिनी म्हनून नाही सांगून राहिली मी, भिंती पाहून घ्या. सिमेंटची जाहिरात, कोचिंग क्लास, मुळव्याधीचा दवाखाना, निवडनुकीचं चिन्ह, झाडं लावा, पोरी शिकवा, जे सांगसान ते तो लिहून देते. पयले चुना मारते, मंग गेरूत बुडवलेली सुतळी दोघं जन ताणून धरतात अन् मधातून सोडतात, का भिंतीवर सरळ ओळ उमटते. त्या ओळीवर त्याचं अक्षर असं बसते का मोटरसायकलवरच्या मानसालेही वाचता येते.

पन त्याले सोताच्या कामाची काही किंमत नव्हती. "भिंत कोन वाचते, वहिनी?" म्हने. एका शाळेच्या कुंपनावर त्यानं 'यहाँ पेशाब करना मना है' असं लिहिलं, तर रंग वाळाच्या आत एक जन तिथंच येऊन उभा राह्यला. ते सांगून सांगून तो हासे. मीही हासे.

माहं नाव सिंधू. चिंधू माह्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. मी लग्न होऊन आली तवा तो चड्डीत फिरे, म्हनून मी त्याले अरेतुरेच करते. नवरा गेल्यावर मी यायच्यातच राह्यली. घरात चिंधू, त्याची बायको रेणू, त्यायची पोरगी उन्नती अन् मी. आमच्या वस्तीले गिट्टीपारा म्हनतात, इकडं पारा म्हनजे मोहल्ला. भंडाऱ्याकडचे, गोंदियाकडचे लोक इकडं हिंदी मुलखात, दुर्ग जिल्ह्यात, चुन्याच्या खदानीत गोटा फोडाले आले अन् इथंच राह्यले. आता गोटा मशीन फोडते. आमची पोरं ठेक्यात भिलाईले जातात, नाहीतर घरी बसतात.

चिंधूचं काम कधी असे, कधी नसे. चूल चाले रेणूच्या बाडीवर. घराच्या मागं जमिनीचा एक तुकडा, त्यात लाल भाजी, पालक, चेच भाजी अन् सांबार. आमच्याकडं सांबार म्हनजे कोथिंबीर, हे मले उन्नतीच्या मैत्रिनीले एकदा समजावून सांगा लागलं होतं. पहाटे रेणू इळ्यानं भाजी कापे, मी जुड्या बांधो, मंग दोघी टोपले घेऊन ऑटोनं खुर्सीपारच्या बाजारात जावो. रेणूचा पसरा तिथं एका कडूलिंबाच्या बुडाशी ठरलेला. तिची भाजी निवडा लागत नाही असं बाया म्हनत. पिवळं पान ती कधी जुडीत जाऊ देत नव्हती, मी घातलं तर ओढून काढे अन् माह्याकडं पाहे. अशी पाहे का मी सासू असती तरी घाबरली असती.

बाडीच्या कोपऱ्यालेच बोरिंग. हातपंप, पन इथं सारे बोरिंगच म्हनतात. पंचायतीनं खोदलेली, साऱ्यायची. पानी थंड, गोड.

यंदा होळी झाली अन् विहिरी आटल्या. पाऱ्यातल्या दुसऱ्या बोरिंगचा दांडा नुसता हवेत खाली-वर होये, आतून खरखर आवाज ये, पानी नाही. साऱ्या पाऱ्याचे गुंड, हंडे अन् बालट्या आमच्या कोपऱ्यावर आल्या. उजाडाच्या आधीपासून रांग. एकीचा हंडा भरला का दुसरीचा, मंग तिच्या पोराची आंघोळ, मंग कपडे, मंग कोनाची तरी बकरी. रेणूची बारी येईपर्यंत ऊन डोक्यावर ये. त्या उन्हात पानी दिलं तर मुळ्या उकडतात, नाही दिलं तर पान लटकते.

तिनं हात जोडून मागून पाह्यलं. "मले फक्त सकाळी थोडं घेऊ द्या वो, बाया. मंग दिवसभर तुमचंच." कोनीतरी मागून तिची बालटी पायानं बाजूले सारली. कोनी ते समजलं नाही, किंवा रेणूनं समजून घेतलं नाही. ती वाकली, बालटी उचलली अन् रांगेच्या शेवटी जाऊन उभी राह्यली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

गोष्ट मारोतरावच्या ओट्यावर गेली. मारोतराव खदानीतून रिटायर झालेला, पाऱ्यातला वडील मानूस, भांडन आलं का त्याच्याचकडं जाते. त्यानं गुडघे चोळत चोळत निकाल देला. "पयले मानसं पितीन, मंग ढोरं, मंग तुही भाजी."

"तोपर्यंत भाजी राहीन का, मामाजी?" रेणूनं विचारलं.

"मंग मानसायले तहानेनं मारू का तुह्या पालकासाठी?"

त्याचं चुकलं होतं असं मी आजही म्हनत नाही. पन घरी आल्यावर ती बाडीत जाऊन बसली, वाफ्यातली माती हातात घेऊन चुरत राह्यली. माती भुगा झाली होती. वर लाल भाजीची पानं कडेनं करपून गोळा झाली होती. जेवाले बोलावलं तर आली नाही.

चिंधूले ते पाहवलं नाही. बायकोसाठी जीव आहे त्याचा, तेवढं म्हना लागन.

हिवाळ्यात त्याले पान्याच्या तपासनीवाल्या सरकारी लोकायनं काम देलं होतं. दूरच्या गावांत ज्या बोरिंगचं पानी तपासात खराब निघालं, तिच्यावर लाल रंगानं लिहाचं का हे पानी प्याचं नाही. तो गाडीत बसून गावोगाव फिरला होता. त्या कामातला लाल रंग डब्ब्यात उरला होता. एका दुपारी, ऊन असं का पाऱ्यात कुत्रं नव्हतं, तो डब्बा अन् ब्रश घेऊन कोपऱ्यावर गेला. रेणू मागून. मी आंगनातून पाह्यलं अन् पायात चप्पल न घालताच धावली.

बोरिंगच्या खांबावर अन् सिमेंटच्या चबुतऱ्यावर, दोन्हीकडं, त्यानं लिहाले सुरुवात केली होती. यह पानी.

"काय करून राहिला बे?"

"काही नाही, वहिनी. ही कटाई निघू दे. मंग मीच पुसतो. टर्पिनात फडकं बुडवलं का सपाट."

"पान्याले असं नाव ठेवू नको, चिंधू. लोक कुठं जातीन?"

"टँकर येते म्हनतात. अन् कोन वाचते वहिनी? दोन-चार बाया वाचतीन, तेवढीच रांग कमी होईन." तो बोलता बोलता लिहितच होता. ब्रश उचलला नाही. पीने योग्य नहीं है.

रेणू रंगाचा डब्बा धरून उभी होती. ती नाही म्हनली असती तर त्यानं तिथंच ब्रश ठेवला असता. मी तिच्याकडं पाह्यलं. तिनं वाफ्याकडं पाह्यलं अन् डब्बा त्याच्या जवळ नेला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात पयले तारा आली. तारा आमच्या शेजारची, रेणूच्या बरोबरीची, दोघी एका ताटात जेवनाऱ्या. मागच्या वर्षी ती साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकली. तवापासून साबनाचा कागद, बसची पाटी, औषधाची बाटली, जे दिसन ते वाचत जाते अन् वाचून झालं का आपल्याकडं पाहते, शाबासकीसाठी. तिनं गुंड खाली ठेवला. बोट लावून लावून वाचलं. पा-नी. पी-ने. मागच्या बाया थांबल्या. तिनं पुन्हा पयल्यापासून सरसर वाचून दाखवलं, मोठ्यानं.

"सरकारी अक्षर आहे," एक जनी म्हनली. "अहिवाऱ्याकडं पाह्यलं होतं मी. असंच."

"कवा आले होते?"

"काल दुपारी आले असतीन. आपन झोपलो होतो ना."

बापा रे, आमाले काही सांगाच लागलं नाही. त्यायनंच सारं रचलं. मारोतराव काठी टेकत आला, त्यानं चष्मा लावून वाचलं अन् चिंधूले आवाज देला. "हे तुह्या हातचं आहे ना?"

तवाच सांगाचं होतं. चिंधूनं मान हालवली. "हो. हुकूम होता."

बाया उभ्या होत्या तशाच गुंड उचलून निघाल्या. पाऱ्याच्या पलीकडं एक डबरी आहे, मुरूम खोदून खोदून झालेला खोल खड्डा, त्यात जुन्या पावसाचं हिरवं पानी. त्यायनं ते पानी फडक्यानं गाळून, उकळून प्याले सुरुवात केली. टँकर कधी ये, कधी नाही ये.

अन् आमची बाडी अशी उठली का काय सांगू. रेणू पहाटे एकटी दांडा मारे, मी नाली करून पानी वाफ्यात सोडो. लाल भाजी कोवळी, पालक हातभर. आमी घरचं प्याचंही तेच पानी अंधारात भरून ठेवत होतो. पन त्या रिकाम्या कोपऱ्यावर मले बरं वाटत नव्हतं. दांड्याचा आवाज साऱ्या पाऱ्यात जाये. रेणू दांडा हळू मारे.

मंग लोकायले दुखनी आठवाले लागली. मारोतरावचे गुडघे इतक्या वर्षांचे कावून दुखतात ते त्याले आता समजलं. कोनाच्या पोराचे दात पिवळे, कोनाचे केस गळतात, सारं बोरिंगवर गेलं. एका बाईचं पोट कधीकाळी खाली झालं होतं, लेकरू गेलं होतं. ती एकटी आली, अक्षरांकडं पाहत उभी राह्यली, चबुतऱ्यावर थुंकली अन् गेली. रेणू पालकाच्या वाफ्यात वाकलेली होती. तिनं डोकं वर केलं नाही. त्या रात्री ती चिंधूले म्हनली, "पुसून टाका. झाली कटाई." कटाई अर्धी बाकी होती.

"दोन दिवस थांब," चिंधू म्हनला. "असं लवकर पुसलं तर लोक विचारतीन."

दोन दिवसांत गोष्ट बाजारात गेली.

आमी पसरा मांडून बसलो होतो. रेणूनं पालकावर पानी शिंपडलं. रोजची एक बाई आली, भिलाईच्या स्टील प्लांटात कामाले असलेल्याची बायको, दर खेपेले जास्तीचा सांबार मागनारी. तिनं जुडी उचलली, मंग खाली ठेवली अन् पर्समधून मोबाइल काढला. "दीदी, ये आपके मोहल्ले का है क्या?"

मोबाइलात आमची बोरिंग होती. लाल अक्षरं इतकी स्वच्छ का उन्हातही दिसत होती. मागं आमची बाडी, अन् बाडीत वाकलेली रेणू, पाठमोरी, आत्ता नेसली होती तेच हिरवं लुगडं. खाली कोनीतरी टाइप केलं होतं का या पान्याची भाजी घेऊ नका, लहान लेकरायले देऊ नका.

"पानी अच्छा है, दीदी," रेणू म्हनली.

"लिखा है ना." बाई रागानं नाही बोलली. वाईट वाटून बोलली. "बच्चों का घर है मेरा."

ती गेली. बाजूच्या पसऱ्यावाल्या बाईनं आपलं टोपलं आमच्यापासून थोडं सरकवलं. दुपारपर्यंत आमच्या पुढं भाजी जशीच्या तशी. रेणू पानी शिंपडत राह्यली, पानं टवटवीत राह्यली, कोनी हात लावला नाही. संध्याकाळी भरली टोपली घेऊन आलो तर ऑटोवाला म्हनला, "आज क्या हुआ?" ती भाजी बकऱ्यायपुढं टाकली. बकऱ्यायनं खाल्ली. त्यायले वाचता येत नाही म्हनून बरं.

उन्नती भिलाईत सिविक सेंटरच्या एका मोबाइल दुकानात कामाले जाते. घरी आल्यावर तिनं पर्स फेकली. "पापा, फोटो हर ग्रुप में घूम रही है. दुकान में एक कस्टमर मुझे दिखा रहा था. मेरे ही घर की फोटो."

"कोनी टाकला?"

"क्या फ़र्क पड़ता है किसने डाला. लिखा तो आपने."

चिंधू उठला. उजेड होता अजून. टर्पिनाची बाटली अन् फडकं घेऊन गेला, घासघास घासलं. त्याचे हात लाल झाले, चबुतरा गुलाबी झाला. पन लोखंडाले गंज होता, गंजाच्या खड्ड्यांत रंग शिरला होता. पुसलेलं अक्षर पुसलेलंच दिसे, पन दिसे. पाऱ्यातली मानसं आपापल्या दारात उभी राहून पाहत होती. सकाळी एकच गोष्ट सगळीकडं, का बाजारात भाजी खपत नाही म्हनून यायनं सरकारी लिहिलेलं पुसलं.

मंग त्यानं दुसरं केलं. साऱ्या खांबाले हिरवा रंग मारला. वाळू देला. वर पांढऱ्यानं लिहिलं, यह पानी पीने योग्य है. एवढं सुंदर अक्षर त्यानं जिंदगीत काढलं नसन. प्रत्येक अक्षराले सावली देली. लिहून झाल्यावर तो मागं सरकून पाहत होता, तेवढ्यात मारोतराव आला.

"चिंधू, चांगल्या पान्यावर कोन लिहिते?"

चिंधूनं ब्रश फडक्याले पुसला.

"नंदिनीत, अहिवाऱ्यात, भिलाईत इतक्या बोरिंगा आहेत. एकीवर तरी लिहिलं आहे का, का हे पानी चांगलं आहे म्हनून?" मारोतराव हे भांडासाठी नव्हता विचारत. त्याले खरंच समजून घ्याचं होतं. "लिहा लागलं म्हनजे काहीतरी आहे, असंच मानूस समजन ना."

त्या दिवसापासून पाऱ्यातली मानसं आमच्या कोपऱ्यावरून जातानी लेकराचा हात धरून जात. पयले एवढं नव्हतं.

तारा पडली ते यानंतर. डबरीचं पानी उन्हानं खाली खाली गेलं होतं, काठ भुसभुशीत. ती भरला गुंड घेऊन वर चढत होती, मुरूम सरकला, ती गुंडासकट खाली गेली. खुब्याचं हाड मोडलं. आमाले ओरडन्याचा आवाज आला तवा रेणू बाडीत होती. ती इळा टाकून धावली. आमी चौघी-पाच जनींनी ताराले खाटेवर टाकून वर आनलं. खाट कलली का ती किंचाळे. तिचं लुगडं चिखलानं भरलं होतं. रेणूनं साऱ्या वाटेनं तिचं डोकं धरून ठेवलं. दवाखान्यात ऑपरेशन झालं, पन ती उठून चालन असं कोनी सांगतलं नाही.

चिंधूनं त्या दिवशी जेवन केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मारोतरावच्या ओट्यावर गेला. मी अन् रेणू मागं उभ्या. दहा-पंधरा मानसं जमली. तो उभा राहून बोलला, बसला नाही.

"कोनाचा हुकूम नव्हता. बाडीले पानी मिळावं म्हनून मीच लिहिलं. पानी चांगलं आहे. तारा माह्यामुळं पडली. काय दंड करता ते करा."

मले वाटलं आता मारतीन. मारावं असंच मले वाटून राहिलं होतं, खरं सांगते. मारलं असतं, शिव्या देल्या असत्या, तर त्या रांगेत पुन्हा उभं राहाले जागा झाली असती. पन मानसं एकमेकांकडं पाहाले लागली. मारोतरावनं त्याले हात धरून बसवलं.

"भाजीसाठी आता एवढं खोटं बोलशीन का रे?" तो म्हनला. "सोतावर घेऊन?"

"खोटं नाही, काका. खरं सांगून राहिलो."

"तू तर त्या तपासनीवाल्यायचंच काम करत होता. साऱ्या गावांतलं लिहिलं ते खरं, अन् आमच्याच बोरिंगवरचं तेवढं खोटं?" मागून कोनीतरी हासलं. "तुह्या पोरीले विचार, मोबाइलात आलं आहे. पूर्न दुर्ग जिल्ह्याले माहीत आहे. तू एकटा आला सांगाले."

चिंधूनं माह्याकडं हात केला. "वहिनीले विचारा. तिच्यासमोर लिहिलं."

मी पुढं होऊन सांगतलं. जसं झालं तसं सांगतलं. "तुमी घरच्याच ना," एक बाई म्हनली. ती गोष्ट तिथंच संपली.

तारा दवाखान्यातून घरी आल्यावर रेणू तिच्याकडं गेली. मीही गेली. तारा ओसरीवर खाटेवर पडलेली, पाय उशीवर, आंगाले औषधाचा वास. रेणू खाली बसली अन् तिनं सारं सांगतलं. रंगाचा डब्बा आपनच धरला होता, हेही सांगतलं. तारा ऐकत होती. राग नाही आला तिले. आला असता तर रेणू सुटली असती.

"कावून असं सोताले बोल लावून घेतं वो," तारा म्हनली. "मी सोता वाचलं ना. कोनाचं ऐकून नाही सांगतलं मी. एकेक अक्षर लावून वाचलं. वाचलेलं कसं खोटं असन?"

रेणूले रडू आलं. तारानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू ते पानी पिऊ नको फक्त," ती म्हनली. "मले तुही काळजी वाटते."

चिंधूनं पान्याच्या तपासनीच्या ऑफिसात चकरा मारल्या. बहुत दिवसांनी एक मानूस बाटली घेऊन आला, पानी भरून नेलं, अन् पुढं कधीतरी मोटरसायकलवरून जाता जाता थांबून सांगतलं, "पानी ठीक है." पाऱ्यातल्या पाच-सात जनांनी ऐकलं. मारोतराव म्हनला, "लिहून लावा ना मंग." तो मानूस म्हनला, "ठीक पानी पर हम कुछ नहीं लिखते." अन् गाडीले किक मारून गेला. सारे मारोतरावकडं पाहाले लागले. मारोतराव काठी टेकत घरात गेला.

पावसाळा येऊन गेला. विहिरी भरल्या, लोक विहिरीवर गेले, आमची बोरिंग कोनाले लागतच नव्हती आता. पन रेणूनं बाडी सोडली नव्हती. खुर्सीपारच्या पसऱ्यावर दुसरी बाई बसे, तर ही टोपलं डोक्यावर घेऊन दारोदार जाये, जिथं तिले कोनी ओळखत नाही अशा गल्ल्यांत. जे खपन ते खपन. पायाले भेगा पडल्या होत्या, त्यात ती रात्री मेन भरे. "पानी चांगलं आहे, ताई," मले म्हने. "पानी चांगलं आहे तर भाजी चांगली आहे. लोक विसरतीन." रोज सकाळी दांडा मारतानी ती पयला ओंजळभर घोट पिऊन घे, उभ्या उभ्या, कोनी पाहो का न पाहो.

चिंधूनं लिहिनं बंद केलं होतं. कामं येत, तो नाही म्हने. भिंतीपुढं ब्रश घेऊन उभा राह्यला का पोटात मुरडा येते म्हने. पोट खरंच बिघडलं होतं त्याचं. उन्नतीनं शहरातून पान्याची मोठी कॅन आनाले सुरुवात केली होती, आपल्यासाठी. दुकानात पोरी विचारतात म्हने, कोनतं पानी आनलं. ती कॅन चुलीच्या बाजूले ठेवलेली असे.

एका सांजेले रेणू बाडीतून आली. हातपाय धुतले, माठातून गिलास भरला अन् चिंधूपुढं धरला. तो ओट्यावर पोट धरून बसला होता. मी दारात तांदूळ निवडत होती.

"ठेव तिथं," तो म्हनला.

"औषध घ्याचं ना? पानी प्या."

त्यानं गिलास हातात घेतला. पाह्यला. खाली ठेवला. अन् उठून आत गेला, आतून कॅनच्या तोटीचा आवाज आला.

रेणू उभीच होती. तो बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "तुमीच लिहिलं ना?"

"मीच लिहिलं."

"कोनी सांगतलं होतं?"

"कोनी नाही."

"मंग?"

चिंधू पुन्हा ओट्यावर टेकला. "रेणू," तो म्हनला, "लिहिलं तवा खोटंच होतं. मले माहीत आहे. पन एवढी मानसं म्हनून राहिली. मारोतरावचे गुडघे, त्या बाईचं पोट. आता माहं पोट. मी खोटं समजून लिहिलं अन् ते खरंच असन तर?"

रेणूनं गिलास उचलला अन् त्याच्यासमोर सारा पिऊन घेतला, एका दमात. पदरानं तोंड पुसलं. मंग माठाकडं जाऊन पुन्हा भरला अन् माह्याकडं आली.

"ताई, तुमाले देऊ?"

"मी आत्ताच पेली," मी म्हनलं.

ती माह्याकडं पाहत राह्यली. मी कशातलं पेली ते तिले माहीत होतं. कितीक दिवसांपासून माहीत असन, बोलली नव्हती. मी तांदळात बोटं फिरवत राह्यली, खडा नव्हता तरी.

गिऱ्हाइकानं सोडलं तवा रेणूनं बाडी सोडली नव्हती, पाऱ्यानं सोडलं तवाही नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठली तर ती बाडीत नव्हती. न्हाऊन, वेणी घालून, उन्नतीसोबत ऑटोसाठी उभी होती. सिविक सेंटरले कोन्या ऑफिसात झाडू-पोछ्याचं काम आहे, ते विचाराले जाऊन राहिली होती. भाजीले पानी कोन देईन म्हनून मी विचारलं. "राहू द्या, ताई," ती म्हनली. तिच्या हातात पान्याची बाटली होती. ती तिनं बोरिंगवरूनच भरून आनली होती.